बोध आणि उपदेश : मराठी मनोविचारग्रंथांविषयी

मानसशास्त्राच्या एका शाखेचे मराठीत नामकरण करताना आपल्या विद्वानांनी ‘बोधात्मक’ हा शब्द पसंत केला. काही पाठ्यपुस्तकांत ‘बोधनिक’ असेही रूप आढळते. व्युत्पत्तीच्या दृष्टीने त्यात वावगे काही नाही. मनुष्य जाणतो कसा, स्मरणात ठेवतो कसा, अर्थ लावतो कसा, याचाच अभ्यास ही शाखा करते. नोम चॉम्स्की यांनी १९५९ साली स्किनर यांच्या भाषाविषयक ग्रंथाचे केलेले कठोर परीक्षण आणि उल्रिक नायसर यांचा १९६७ सालचा ग्रंथ हे तिच्या वाटचालीतील दोन ठळक टप्पे होत. परंतु मराठी माणसाच्या कानी ‘बोध’ हा शब्द पडला की त्याला इसापनीती आठवते. बोध घ्यायचा असतो आणि तो देणारा कुणीतरी वडीलधारा असतो. या विषयावरील आपल्या लोकप्रिय लेखनाचा गोडवा आणि त्याची उणीव, दोन्ही या एका शब्दात दडलेली आहेत, असे मला वाटते.

अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट एलिस (१९१३–२००७) यांचे महाराष्ट्राशी जडलेले नाते विशेष आहे. त्यांनी १९५५ साली मांडलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचा अभ्यास व प्रसार मुंबईत कि. मो. फडके यांनी निष्ठेने केला. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली ठाण्यात मानसिक आरोग्यासाठी संस्था उभारली आणि ‘स्वभाव-विभाव’सारख्या पुस्तकातून ही विचारसरणी सामान्य वाचकापर्यंत नेली. अंजली जोशी यांनी तर ‘मी अल्बर्ट एलिस’ ही चरित्रात्मक कादंबरीच लिहिली. न्यूयॉर्कमध्ये वाढलेला एक मानसोपचारतज्ज्ञ मराठी कादंबरीचा नायक व्हावा, ही घटना आपल्या वाङ्मयात विरळाच.

एलिस यांचे म्हणणे थोडक्यात असे : घटनेविषयीची आपली समजूत घटना आणि दुःख यांच्यामध्ये उभी असते आणि भावनेचा रंग बहुतांशी तीच ठरवते. या समजुतीतील विष त्यांच्या मते अट्टहासात असते. इंग्रजीत ते सांगण्यासाठी त्यांनी एक काहीसा खट्याळ शब्द घडवला. मराठीत ते काम ‘च’ हे एकच अक्षर करते. ‘मुलाला पहिला वर्ग मिळायला हवा’ आणि ‘मिळायलाच हवा’ या दोन वाक्यांचे अंतर कोणत्याही आईबापाला समजावून सांगावे लागत नाही. पहिल्या वाक्यात निराशेला जागा आहे. दुसऱ्यात अपयशानंतर जगायलाच जागा उरत नाही. आपली भाषा या विचाराला किती अनुकूल आहे, हे येथे दिसते.

अडचण पुढे सुरू होते. एलिस स्वभावाने वाद घालणारे होते. रुग्णाच्या समजुतीवर ते तुटून पडत. फिलाडेल्फियाचे आरन बेक (१९२१–२०२१) यांची रीत निराळी. रुग्णाने आपला विचार कागदावर लिहावा, त्याच्या बाजूचा पुरावा आणि विरुद्धचा पुरावा शेजारी मांडावा आणि दोघांनी मिळून तो तपासावा. निष्कर्ष उपचारकाच्या खिशात आधीच तयार नसतो. मराठीत एलिस घरोघरी पोहोचले, बेक मात्र पाठ्यपुस्तकातच राहिले. परिणामी आपल्या लोकप्रिय लेखनात प्रश्न कमी आणि समजावणी फार. प्रवचनाची सवय जुनी आहे. ती लेखकाच्या हातून अशी सहज निसटून येते.

त्यात ‘विवेक’ या शब्दाने आणखी एक गाठ मारली आहे, आणि आपल्यासारख्या ख्रिस्ती कुटुंबांना ती विशेष जाचते. पापनिवेदनापूर्वी आपण सदसद्विवेकबुद्धी तपासतो. त्यामुळे ‘तुझा विचार अविवेकी आहे’ हे वाक्य आपल्या घरातील खचलेल्या माणसाला निदानासारखे ऐकू येत नाही, ते आरोपासारखे ऐकू येते. आधीच स्वतःला दोषी मानणाऱ्याच्या डोक्यावर आणखी एक अपराध चढतो. संत इग्नेशियस १५२२ साली मानरेसा येथे अशाच अपराधशंकांनी ग्रासले होते. जुनी पापे पुनःपुन्हा निवेदन करूनही त्यांना शांती लाभेना. अखेर हे विचार कुठून येतात आणि आपल्याला कुठे नेतात, हे त्यांनी न्याहाळले आणि ती जुनी पापे पुन्हा न उच्चारण्याचा निश्चय केला. त्यांची ती न्याहाळण्याची रीत मला एलिस यांच्या वादापेक्षा बेक यांच्या कागदाच्या अधिक जवळची वाटते.

वर्धा शहराला लागून असलेल्या बोरगाव मेघेत बसून ही पुस्तके वाचताना दुसराही एक प्रश्न टाळता येत नाही. शेतकरी-आत्महत्यांमुळे २००६ साली केंद्र सरकारने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदत जाहीर केली, त्यांत वर्धा होता. कपाशी बुडालेल्या शेतकऱ्याचे कर्ज ही त्याची समजूत नसते. ते सातबाऱ्यावर चढलेले असते. एलिस यांना हे ठाऊक होते. वाईट घटनेचे दुःख होणे त्यांनी निरोगीच मानले. त्यांचा रोख खचवून टाकणाऱ्या अट्टहासावर होता. हा बारकावा आपल्या सुलभ पुस्तकांतून नेमका गळतो आणि ‘विचार बदला’ एवढेच उरते.

याउलट गोव्याकडे पाहावे. १९९६ साली स्थापन झालेल्या ‘संगाथ’ या संस्थेच्या प्रयोगात वैद्यकीय पदवी नसलेल्या, प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ बैठका दिल्या. भर विचारांच्या खंडनावर नव्हता. रुग्ण काय करीत होता, काय करायचे सोडून बसला आणि त्यातले आज काय पुन्हा हाती घेता येईल, यावर होता. तीन महिन्यांनी या गटातील ६४ टक्के रुग्ण सावरले होते. केवळ नेहमीची सुधारित सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. हे निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापले गेले. त्याच वर्षी अमरावती जिल्ह्यातील खेड्यांचा वृत्तान्तही प्रसिद्ध झाला : तेथे नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेले होते.

अमरावती वर्ध्यापासून काही तासांच्या अंतरावर आहे, तरी या कामावर मराठीत वाचनीय असे पुस्तक माझ्या पाहण्यात नाही. एलिस यांच्यावर कादंबरी लिहिण्याइतकी ऐपत ज्या भाषेत आहे, तिने आता वऱ्हाडी बोलीत झालेले असे एखादे संभाषण, समुपदेशकाच्या प्रश्नांसह आणि मधल्या शांततेसह, जसेच्या तसे छापावे.