भव्य वास्तू आणि राष्ट्राचा आत्मविश्वास
(मार्केट यार्ड, पुणे येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

मंडळी, एखादी भव्य इमारत उभी राहिली की आपण म्हणतो, देशाचा अभिमान आणि आत्मविश्वास वाढला. हे दोन शब्द आपण जोडीने वापरतो, पण ते एक नव्हेत. अभिमानाला कुणीतरी बघणारा लागतो. आत्मविश्वास असलेला माणूस कुणी बघतंय का याची वाट न पाहता कामाला लागतो.

उंचीचंच घ्या. सरदार पटेलांचा गुजरातमधला पुतळा 182 मीटर उंच आहे. शिल्पकार राम सुतार आपल्या धुळे जिल्ह्यातले, त्यांच्या कसबाबद्दल वादच नाही. पण 'जगात सर्वांत उंच' हे विशेषण इतरांच्या उंचीवर अवलंबून असतं. उद्या कुणी 200 मीटरचा पुतळा उभारला, तर हा आहे तेवढाच राहील, विशेषण मात्र जाईल. मग त्यावर उभारलेल्या अभिमानाचं काय?

आता दिल्लीच्या प्रगती मैदानावरचं 'हॉल ऑफ नेशन्स' आठवा. स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली तेव्हा, 1972 साली, व्यापार प्रदर्शनासाठी ते बांधलं. वास्तुरचनाकार राज रेवल, अभियंते महेंद्र राज. मध्ये एकही खांब नसलेलं प्रचंड दालन. असा त्रिकोणांचा सांगाडा एरवी पोलादाचा करतात. आपल्याकडे पोलाद महाग आणि अपुरं, मजुरांचे हात मात्र भरपूर. म्हणून तो सांगाडा जागेवरच काँक्रीटमध्ये ओतला. आपली अडचण त्यांनी लपवली नाही, तिच्यातूनच इमारतीचं रूप काढलं. याला मी आत्मविश्वास म्हणतो.

आणि 2017 च्या एप्रिलमध्ये आपण ते पाडलं. साठ वर्षं झाल्याशिवाय वास्तू वारसा ठरत नाही, असं कारण दिलं गेलं! त्याच मैदानावर 2023 मध्ये 'भारत मंडपम' उभं राहिलं. नवं बांधायला माझी हरकत नाही. पण स्वतःच्या कर्तृत्वाचा पुरावा पुसून नवा पुरावा उभा करावासा वाटणं, हे आत्मविश्वासाचं लक्षण नव्हे.

कुणी विचारेल, म्हणजे भव्यता नकोच का? हवी की! आपल्या विद्यापीठाच्या आवारातली 'आयुका' पाहा. चार्ल्स कोरियांनी तिथे मनोरे चढवले नाहीत. कुंडासारख्या चौकात आर्यभट आहेत आणि न्यूटन, गॅलिलिओ, आइन्स्टाइनही आहेत. नुसता अभिमान असता तर एकटे आर्यभट बसवले असते. इतरांना शेजारी जागा देऊनही आपण लहान होत नाही, हे ज्याला कळलं त्यानेच असा चौक बांधावा.

शेवटी खर्चाचा प्रश्न, आणि तो पुण्याला नवा नाही. एकोणिसाव्या शतकात शहरात मंडईची भव्य इमारत बांधायचं ठरलं, तेव्हा नगरपालिकेचे सभासद असलेल्या जोतीराव फुल्यांनी विरोध केला. हा पैसा शिक्षणावर घाला, असं त्यांचं म्हणणं. इमारत झाली, 1886 मध्ये गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने सुरू झाली. पुढे तिला नाव मिळालं महात्मा फुल्यांचं! आपण त्यांचं नाव दगडावर घेतलं, त्यांचा प्रश्न मात्र घेतला नाही. मंडई उपयोगाची ठरली, हे खरंच. पण त्यामुळे तो प्रश्न चुकीचा ठरत नाही. प्रत्येक नव्या भव्य वास्तूला तो विचारायला हवा: या पैशात कुणाचं काय राहून गेलं? हा प्रश्न विचारणाऱ्याला देशद्रोही न म्हणता उत्तर देता येणं, हीच राष्ट्राच्या आत्मविश्वासाची कसोटी आहे.