‘सतत रक्तशर्करामापन’ : एका संज्ञेचे परीक्षण

रुग्णालयात इन्शुलिनवर असलेल्या वृद्धांच्या त्वचेखाली जो ग्लुकोज-संवेदक बसवितात, त्याच्या कार्यास मराठीत ‘सतत रक्तशर्करामापन’ म्हटले जाते. मूळ इंग्रजी संज्ञेत ‘रक्त’ हे पद नाही. ते मराठीने पदरचे घातले, आणि दोष तेथेच आहे. संवेदक पेशींभोवतालच्या द्रवातील ग्लुकोज मोजतो.

हा भेद केवळ शाब्दिक नव्हे. रक्तशर्करा वेगाने उतरताना या द्रवातील शर्करा काही मिनिटे मागे राहते. रक्तात ती प्रति डेसिलिटर ७० मिलिग्रॅमखाली गेली असताही पडद्यावर मोठा आकडा दिसू शकतो. वृद्धांत घाम, कंप ही सूचक लक्षणे पुष्कळदा क्षीण असतात; साहजिकच आकड्यावरच भिस्त राहते. रात्रीची घसरण हेरण्याचे या साधनाचे श्रेय निर्विवाद आहे. तथापि ‘ऊतकद्रव-शर्करामापन’ ही संज्ञा, बोजड असली तरी, अधिक ग्राह्य होय. शंका येताच बोटातील रक्त तपासावे, याचे स्मरण तीच देते.