चेहरा बदलला, डॉक्टर तोच का?

मागच्या वेळी आपण जॉन लॉकपाशी थांबलो होतो. कालचा मी आणि आजचा मी एकच, ते शरीरामुळे नव्हे, आठवणींमुळे, असं लॉक म्हणतो. आज हे मत आपण एका दूरचित्रवाणी मालिकेवर घासून पाहू. तत्त्वज्ञानात मालिका कशाला, असं कुणी म्हणेल. पण ही मालिका हाच प्रश्न साठ वर्षांहून अधिक काळ विचारते आहे.

बीबीसीची 'डॉक्टर हू' २३ नोव्हेंबर १९६३ ला सुरू झाली. नायक परग्रहावरचा, काळातून हिंडणारा. सगळे त्याला नुसतं 'डॉक्टर' म्हणतात. भूमिका विल्यम हार्टनेल करत. १९६६ पर्यंत त्यांची प्रकृती ढासळली, पण मालिका थांबवायची नव्हती. मग युक्ती निघाली: या नायकाचं शरीर थकलं की तो नवं शरीर घेतो. कोसळले हार्टनेल, उठले पॅट्रिक ट्रॉटन.

आता नट तर नाटकातही बदलतात. 'नटसम्राट'मधले बेलवलकर डॉ. श्रीराम लागूंनी केले, दत्ता भटांनीही केले. पण तो बदल प्रेक्षकांना कळतो, कावेरीला नाही. इथे मात्र कथेतल्या माणसांनाही बदल दिसतो आणि 'हा तोच का?' हे त्यांना ठरवावं लागतं.

ट्रॉटनची पहिली कथा, 'द पॉवर ऑफ द डेलेक्स', आम्हाला मोलाची वाटते ती यासाठीच. नव्या बोटात जुनी अंगठी बसत नाही. आधीच्या डॉक्टरविषयी हा गृहस्थ तिऱ्हाइतासारखा बोलतो. सोबतची पॉली विश्वास ठेवते, बेन ठेवत नाही. लॉकचा इथे किती उपयोग? 'मला सगळं आठवतं' असं तोतयाही म्हणेलच की! पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया उभा राहिला, तेव्हा पुण्यालाही हाच पेच पडला होता. या कथेत डॉक्टरला ओळखतो कोण? डेलेक, म्हणजे त्याचा हाडवैरी!

आणखी एक गंमत पाहा. बीबीसीने त्या काळच्या अनेक टेपा पुसून टाकल्या. या कथेच्या सहा भागांपैकी एकही आज पूर्ण चित्रासह उपलब्ध नाही. आवाज मात्र वाचला, कारण काही प्रेक्षकांनी तो घरच्या टेपरेकॉर्डरवर उतरवून ठेवला होता. त्याच आवाजावर २०१६ मध्ये अ‍ॅनिमेशन झालं. जिने मालिका केली ती संस्था विसरली, पाहणारे विसरले नाहीत.

लॉकमध्ये आम्हाला भर घालावीशी वाटते ती इथे. घरात वडिलांची स्मृती गेली, ते मुलालाच 'आपण कोण?' विचारू लागले, तरी मुलगा त्यांना 'बाबा'च म्हणतो. त्यांना आठवतं म्हणून नव्हे, त्याला आठवतं म्हणून. माणसाचं 'तोच' असणं थोडं इतरांकडे ठेव म्हणून असतं. आमच्या वयाला हा विचार नुसता पुस्तकी राहत नाही.

म्हणूनच २०२३ चे विशेष भाग आम्हाला खटकले. डेव्हिड टेनंट लोकांचे लाडके, त्यांना परत आणलं, इथवर ठीक. पण पुढे डॉक्टर दुभंगतो: शुटी गाटवा नवे डॉक्टर होतात आणि टेनंटही मागे उरतात, सुखाने घरी राहायला. कुणी गेलंच नाही, तर ओळखायचं काय? जुना चेहरा सोडायचं दुःख प्रेक्षकांनी सोसलं, म्हणून नव्याला 'डॉक्टर' म्हणण्याला किंमत होती. २०१७ मध्ये जोडी व्हिटेकर ही पहिली स्त्री डॉक्टर झाली, तेव्हा हीच परीक्षा सर्वांत कठीण झाली होती. २०२३ मध्ये ती परीक्षाच रद्द केली गेली.

पुढच्या वेळी 'मिलिंदप्रश्न' घेऊ. रात्रभर जळणारा दिवा पहाटे तोच असतो का, हे नागसेनाला विचारू.