‘लांबून आलेला माणूस’ म्हणजे नेमका कोण? राजूरच्या निमित्ताने

आजची सुरुवात जरा विचित्र वाटेल. आमच्या वाचनगटात एकदा लहान स्की-केंद्रांचा विषय निघाला. बर्फावरून घसरायची ती ठिकाणं. मी जालना जिल्ह्यातली, माझा विषय तीर्थस्थळांचा भूगोल. मनात म्हटलं, आपल्याकडे उन्हाळ्यात टँकर लागतात, बर्फाचं काय घेऊन बसलात! पण वाचत गेले तसं लक्षात आलं, की त्या लोकांचा प्रश्न आपलाच आहे. एक लहान टेकडी आहे, आसपासचे लोक सकाळी येतात आणि संध्याकाळी घरी जातात. लांबचा माणूस मोठ्या, नावाजलेल्या डोंगराकडे जातो. मग या लहान टेकडीकडे त्याला वळवायचं कसं?

अमेरिकेत २०१९ साली यावर एक व्यापारी उपाय निघाला. ‘इंडी पास’ नावाचा एकच पास घ्यायचा आणि अनेक लहान, स्वतंत्र केंद्रांवर प्रत्येकी दोन-दोन दिवस खेळायचं. एकट्या टेकडीचं नाव लांब पोचत नाही, पण दहा टेकड्यांची माळ केली की पोचतं.

हे वाचलं आणि मला राजूरचा गणपती आठवला.

राजूर आणि साडेतीन पीठं

राजूर हे भोकरदन तालुक्यातलं गाव, जालन्याहून उत्तरेला साधारण २५ किलोमीटर. टेकडीवर गणपतीचं मंदिर. चतुर्थीला गर्दी असतेच, पण संकष्टी मंगळवारी आली, म्हणजे अंगारकी असली, की जालन्याहून रात्रीपासून माणसं पायी निघतात. गणपतीची साडेतीन पीठं मानतात, त्यातलं राजूर हे एक पूर्ण पीठ. बाकीची मोरगाव, चिंचवड आणि जळगाव जिल्ह्यातलं पद्मालय. अर्धं कोणतं, यावर सांगणाऱ्यांचं एकमत नाही. कुणी पद्मालय म्हणतं, कुणी चिंचवड. राजूरकर मात्र आपलं पीठ पूर्णच सांगतात, हे वेगळं लिहायला नको.

म्हणजे माळ आपल्याकडे आधीपासून आहे, पासही नको. मग माझा पहिला संशोधन-आराखडा काय असणार? ‘राजूर येथे दूरवरून भाविक-पर्यटक आकर्षित करण्याच्या संधी व अडचणी.’ चार चौकटींचा तक्ता: बलस्थानं, उणिवा, संधी, धोके. शेवटी शिफारशी: रस्ते सुधारावेत, भक्तनिवास बांधावं, जाहिरात करावी. तुम्ही पर्यटनावरचे चार प्रबंध चाळलेत तर त्यातल्या तीनांत हाच साचा सापडेल, गावाचं नाव तेवढं बदललेलं. माझा आक्षेप या साच्यावर आहे, आणि मीही त्यात अडकले होते म्हणून तो जरा अधिकाराने घेते.

पहिली चूक: फॉर्ममधला एक रकाना

चाचणी म्हणून मी एका चतुर्थीला पायऱ्यांशी उभी राहून फॉर्म भरून घेतले. त्यात एक रकाना होता: ‘राहण्याचे ठिकाण’. काही जणांनी पुणे, चाकण, संभाजीनगर असं सांगितलं. मी खूश! लांबून लोक येतात की. संध्याकाळी एका दादांचा फॉर्म भरत होते. ‘पुणे’ लिहिलं आणि सवयीने विचारलं, “एवढ्या लांबून मुद्दाम आलात?” ते हसले. “ताई, लांबून कशाचं? राहायला पुण्यात हाय, कंपनीत. गाव आपलं हसनाबाद. लेकराचा नवस होता, मंग आलो.”

हसनाबाद तिथून जवळच. म्हणजे माझा ‘दूरवरचा पर्यटक’ राजूरच्याच पंचक्रोशीतला निघाला. त्याला ना रस्त्याच्या पाटीने आणलं होतं, ना जाहिरातीने. आजीने बोललेल्या नवसाने आणलं होतं. मग सगळे फॉर्म पुन्हा काढून बसले, तर ‘लांबचे’ म्हणून मोजलेल्यांपैकी खरे लांबचे किती, हे सांगायची सोयच नव्हती. मी ‘गाव कोणतं?’ हे विचारलंच नव्हतं. ते सगळे फॉर्म आता माझ्या कपाटात आहेत. मार्गदर्शकांनी एकच वाक्य ऐकवलं: “राहतो कुठे आणि कुठला, हे मराठवाड्यात दोन वेगळे प्रश्न आहेत.”

मॉडेल काय सांगतं आणि कुठे चुकतं

आता जरा सिद्धांताकडे. १९३१ साली रायली या अमेरिकी अभ्यासकाने बाजारपेठांसाठी गुरुत्वाकर्षणाचा नियम मांडला. सोपं रूप असं: लोकसंख्या जितकी जास्त तितकी ओढ जास्त, आणि अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात ओढ कमी. ही कल्पना पुढे प्रवासाच्या अभ्यासातही वापरली गेली. आपण ती राजूरला लावून बघू.

२०११ च्या जनगणनेत जालना शहराची लोकसंख्या सुमारे २ लाख ८६ हजार, पुणे शहराची सुमारे ३१ लाख २४ हजार. राजूरपासून जालना २५ किलोमीटर, पुणे ढोबळमानाने ३०० धरू. पुण्याची लोकसंख्या जवळपास ११ पट, पण अंतर १२ पट, आणि त्याचा वर्ग १४४. हिशेब केला की जालन्याची ओढ पुण्याच्या साधारण १३ पट येते. म्हणजे पुण्याहून आलेल्या एका माणसामागे जालन्याचे १३ दिसायला हवेत.

समजा प्रत्यक्षात पुण्याचे याहून बरेच जास्त दिसले. साच्यातला प्रबंध लगेच म्हणेल, ‘राजूरची कीर्ती दूरवर पसरली आहे.’ पण हसनाबादच्या दादांना आठवा. सूत्रात आपण पुण्याचे ३१ लाख घातले. खरं तर घालायला हवी होती पुण्यात राहणाऱ्या भोकरदन-जाफराबादकरांची संख्या, आणि त्यांच्यासाठी अंतराचा अर्थही वेगळा. सूत्रातलं गणित बरोबर होतं, सूत्रात घातलेली माणसं चुकली. मॉडेलचा अंदाज आणि प्रत्यक्ष आकडा यांत फरक पडला की तो ‘त्रुटी’ म्हणून झटकू नका. बहुतेक वेळा प्रबंधाचा खरा विषय तिथेच असतो.

दुसरी गोष्ट मधल्या ठिकाणांची. १९४० साली स्टॉफर या समाजशास्त्रज्ञाने म्हटलं, की नुसतं अंतर बघू नका, वाटेत किती संधी आहेत ते बघा. मुंबईचा माणूस आपल्याकडे निघाला की वाटेत शिर्डी आहे, वेरूळला लेणी आणि घृष्णेश्वर आहे. त्याची सुटी तिथेच संपते. समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा पूर्ण रस्ता खुला झाला. ‘आता जालन्याला पर्यटक येणार’ हे आपण सगळ्यांनी ऐकलं. पण रस्ता दोन्ही बाजूंनी चालतो. मुंबईकराला जालना जवळ झालं तशी जालनेकरालाही शिर्डी जवळ झाली.

भारद्वाज यांचं पुस्तक: घ्यायचं काय, सोडायचं काय

या विषयात येणाऱ्या प्रत्येकाला सुरिंदर मोहन भारद्वाज यांचं १९७३ चं हिंदू तीर्थस्थळांवरचं इंग्रजी पुस्तक वाचावंच लागतं. त्यांनी तीर्थांची पाच पातळ्यांत मांडणी केली: अखिल-हिंदू, प्रदेशापलीकडची, प्रादेशिक, उपप्रादेशिक आणि स्थानिक. पातळी ठरवताना यात्रेकरू किती अंतरावरून येतात याला महत्त्व दिलं. या पुस्तकाचं मोठेपण असं, की त्यांनी पोथीतला महिमा बाजूला ठेवून लोकांना विचारलं. त्यांचं एक निरीक्षण आजही मोलाचं आहे: वरच्या पातळीच्या तीर्थाला लोक पुण्यासाठी, शुद्धीसाठी जातात, तर खालच्या पातळीच्या ठिकाणी ठरावीक मागणं घेऊन, नवस घेऊन जातात. आमच्या दादांचा नवस इथे बरोबर बसतो.

पण सरासरी अंतरावर विसंबलं की काय होतं ते बघा. समजा दहा जण आले. नऊ जण २५ किलोमीटरवरून, एक ३०० वरून. सरासरी येते ५२.५ किलोमीटर. त्या अंतरावरून एकही माणूस आलेला नाही! मध्यक काढलात तर २५ येतो, जो निदान खरा तरी आहे.

आता जिल्ह्यातलंच दुसरं ठिकाण घ्या. घनसावंगी तालुक्यातलं जांब, समर्थ रामदासांचं जन्मगाव. १६०८ ची रामनवमी. जांबची गर्दी अंगारकीच्या राजूरसारखी नाही, पण तिथे येणाऱ्यांत समर्थांच्या ओढीने वाट वाकडी करून आलेले असतात. नुसत्या सरासरीने जांब ‘वरच्या’ पातळीचं ठरेल आणि राजूर ‘खालच्या’. नुसत्या संख्येने बरोबर उलटं. दोन्ही उत्तरं अर्धवट, कारण एका आकड्यात आपण दोन गोष्टी कोंबतोय: किती लोक येतात आणि कुठवरून येतात.

तिसरं ठिकाण अंबडची मत्स्योदरी देवी, जालन्याच्या दक्षिणेला २१ किलोमीटर. माशाच्या आकाराच्या टेकडीवरचं जुनं देऊळ, नवरात्रात मोठी यात्रा. ती देवीच्या साडेतीन पीठांत नाही. तुळजापूर, कोल्हापूर, माहूर आणि अर्धं सप्तशृंगी, अशी ती यादी आहे. म्हणजे एकाच जिल्ह्यात तीन प्रकार आपल्यासमोर आहेत: यादीत असलेलं राजूर, यादीबाहेरचं अंबड आणि चरित्राशी जोडलेलं जांब. तुलना करायला याहून चांगली मांडणी शोधून सापडणार नाही.

सांगायची माळ आणि फिरायची माळ

अ‍ॅन फेल्डहाउस यांनी २००३ च्या आपल्या पुस्तकात महाराष्ट्रातल्या अशा संख्येने बांधलेल्या स्थळांचा विचार केला आहे. अशा याद्यांमुळे लोकांच्या मनात प्रदेशाचं चित्र तयार होतं, हा त्यांचा मुद्दा मला फार पटतो. पण आपल्या प्रश्नासाठी त्यात एक भेद आणखी करावा लागेल.

अष्टविनायक बघा. पाच पुणे जिल्ह्यात, दोन रायगडमध्ये, एक सिद्धटेक अहिल्यानगर जिल्ह्यात. दोन-तीन दिवसांत गाडीने होतात, म्हणून त्यांच्या सहली निघतात. ती फिरायची माळ आहे. साडेतीन गणेशपीठांतली दोन पुण्याकडे, एक जळगावात, एक आपल्या भोकरदनमध्ये. एका सुट्टीत ही माळ कोण फिरणार? ती सांगायची माळ आहे. तिच्यामुळे राजूरकराला अभिमान वाटतो, देवळाच्या पाटीवर ओळ येते, पण तिने मोरगावचा भाविक राजूरला येईलच असं नाही. इंडी पासवरून मी काढलेली माझी पहिली कल्पना इथे कोसळली. माळेत असणं पुरत नाही, मण्यांमधलं अंतरही धाग्याला झेपायला हवं.

याने फरक काय पडतो?

तुम्ही म्हणाल, एवढी चिरफाड कशाला? कारण या आकड्यांवर पैसे ठरतात. आपल्याकडे तीर्थक्षेत्रांना वर्ग देतात, त्यात वर्षभरात किती भाविक येतात हा मोठा निकष असतो, आणि वर्गाप्रमाणे निधी. तिथे ‘किती’ विचारतात, ‘कुठून आणि कसे’ हे फारसं कुणी विचारत नाही. पायी येणाऱ्या जालन्याच्या बाईला रात्री वाटेत पाणी, उजेड, संडास आणि परतीला एसटी हवी. लांबून गाडीने येणाऱ्याला पार्किंग आणि खोली. तुमच्या प्रबंधाने पहिलीला दुसरा समजून शिफारस केली, तर भक्तनिवास बांधून होईल आणि ती बाई अंधारातच चालत राहील. माझ्या कपाटातल्या फॉर्मांवर कुणी निधी मागितला नाही, हे नशीब.

म्हणून तुमच्या आराखड्यासाठी चार गोष्टी:

१. राहण्याचं ठिकाण आणि मूळ गाव, दोन वेगळे रकाने ठेवा. तिसरा रकाना: या भागात नातेवाईक आहेत का?

२. अंगारकी, साधी चतुर्थी आणि एखादा रिकामा बुधवार, तिन्ही दिवस जा. एकट्या अंगारकीवरून राजूर समजत नाही, बुधवारवरूनही नाही.

३. न आलेल्यांना विचारा. पायऱ्यांवर भेटतात ते आलेलेच. लांबचे का येत नाहीत हे समजायचं तर शिर्डीच्या किंवा वेरूळच्या बसथांब्यावर उभं राहून विचारा, ‘राजूर ऐकलंय का?’ ऐकलंच नाही हे एक उत्तर, ऐकलंय पण जमलं नाही हे दुसरं. दोन्हींवरचे उपाय वेगळे.

४. शिफारशी शेवटी लिहा, म्हणजे खरंच शेवटी. माझ्या पहिल्या आराखड्यात त्या फॉर्म छापायच्या आधीच लिहून तयार होत्या.

माझा विषय आता बदललाय. ‘दूरवरचे भाविक कसे आणावेत’ हे शीर्षक गेलं, त्याजागी ‘बाहेर गेलेली माणसं गावच्या देवाला परत कधी येतात’ असा प्रश्न आलाय. पुढच्या चतुर्थीला नवे फॉर्म घेऊन जातेय. तुमच्या तालुक्यात असं एखादं ठिकाण असेल, तर आधी तिथे एक दिवस नुसते बसा आणि लोक कुणाबरोबर येतात ते बघा. प्रश्नावली नंतर करा.