जीर्णोद्धार कशाचा?
कोल्हापुरांत शाहू महाराजांनीं १९१५ सालीं उभारलेलें, पुढें केशवराव भोसले यांच्या नांवानें गाजलेलें नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ रोजीं आगींत सांपडलें. त्याचा जीर्णोद्धार अवश्य व्हावा; परंतु भिंती उठल्या म्हणजे रंगभूमि उठली, असें आम्हांस वाटत नाहीं. चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीपट्टींत नाटकाला मंडप पुरतो. दिवाळीनंतर गांवचें मंडळच वडशाची नाटककंपनी ठरवितें, मंडप घालतें, तिकिटें विकतें. पाहुण्यांसह सारा गांव पहांटेपर्यंत बसतो. तेथें खेळ गांवाच्या मालकीचा असतो. कोल्हापुरांतहि हौशी मंडळ्यांस परवडेल असें भाडें आणि हक्काच्या तारखा ठेवाव्या. नाहींतर नवी वास्तु सुंदर दिसेल, पण बहुतेक रात्रीं अंधारांतच राहील.