बांधकाम परवानगीचा आकडा आणि घराचे वास्तव : एक चिकित्सक आढावा

प्रस्तावना

शहराच्या निवासी वाढीचा मागोवा घेण्यासाठी बांधकाम परवानग्यांची आकडेवारी हे सोयीचे साधन मानले जाते. जनगणना दहा वर्षांनी होते आणि २०११ नंतरची जनगणना २०२१ मध्ये होऊ शकली नाही. नगररचना विभागाच्या नोंदवहीत मात्र दर महिन्याला नवी भर पडत असते. त्यामुळे अर्थशास्त्र, भूगोल व लोकप्रशासन या विषयांच्या स्थानिक अभ्यासात या आकड्यांचा मोह पडणे स्वाभाविक आहे. प्रस्तुत लेखात महाराष्ट्राच्या नागरी क्षेत्राच्या संदर्भात या साधनाची चिकित्सा केली आहे. परवानगीचा आकडा घरांची वाढ किती दाखवतो आणि नियमांशी असलेला लोकांचा संबंध किती दाखवतो, हा या चिकित्सेचा मुख्य प्रश्न आहे.

साधनाची पार्श्वभूमी

अमेरिकेत बांधकाम परवानग्यांची राष्ट्रीय आकडेवारी १९५९ पासून उपलब्ध आहे. परवानगी देणाऱ्या सुमारे २०,००० स्थानिक संस्थांकडून ती गोळा होते आणि अर्थव्यवस्थेच्या अग्रसूचक निर्देशांकात तिला स्थान आहे. तथापि तेथील जनगणना विभाग परवानगी, प्रत्यक्ष प्रारंभ आणि पूर्तता यांचे आकडे स्वतंत्रपणे प्रसिद्ध करतो. परवानगीच्या आकड्याला तेथे मिळालेली विश्वासार्हता या पडताळणीवर उभी आहे.

भारतात १९५४ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय इमारत संघटना गृहनिर्माणविषयक आकडेवारीचे संकलन करत आली आहे. प्रा. अमिताभ कुंडू यांच्या अध्यक्षतेखालील तांत्रिक सल्लागार गटाने गृहनिर्माण प्रारंभ निर्देशांकाविषयी २००९ मध्ये अहवाल सादर केला. परवानगी आणि प्रत्यक्ष प्रारंभ यांत काळाचे अंतर असते, हे या निर्देशांकाच्या कल्पनेतच गृहीत आहे. स्थानिक अभ्यासात मात्र हे अंतर अनेकदा विसरले जाण्याचा धोका असतो.

परवानगी ते भोगवटा

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४४ व ४५ नुसार विकास परवानगीसाठी अर्ज व त्यावरील निर्णय होतो. ६० दिवसांत निर्णय न कळविल्यास विहित अटींच्या अधीन परवानगी मिळाल्याचे मानले जाते. अशी मानीव परवानगी नोंदवहीत उमटेलच, याची शाश्वती नसते. कलम ४८ नुसार परवानगीची मुदत एक वर्ष असते व ती एकूण तीन वर्षांपर्यंत वाढविता येते. म्हणजेच एखाद्या वर्षाच्या आकड्यातील काही घरे दोन वर्षांनी उभी राहतात, तर काही कधीच उभी राहत नाहीत.

प्रारंभ प्रमाणपत्र, जोते तपासणी आणि भोगवटा प्रमाणपत्र हे या प्रवासातील तीन निरनिराळे टप्पे होत. त्यांपैकी कोणता टप्पा मोजला, हे न सांगता दिलेला आकडा अपुरा ठरतो. सुधारित आराखड्याची परवानगी नव्या परवानगीसारखी मोजल्यास एकच इमारत दोनदा गणली जाते. पुनर्विकासात तर फसगत अधिक होते. समजा, २४ सदनिकांची जुनी इमारत पाडून ६० सदनिकांची परवानगी दिली गेली. नोंदीत ६० घरांची भर दिसेल, परंतु वस्तीतील निव्वळ वाढ ३६ घरांचीच असेल.

नियम बदलला की आकडा बदलतो

डिसेंबर २०२० मध्ये बृहन्मुंबई व काही विशेष क्षेत्रे वगळता राज्यभर एकात्मिक विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली. लहान भूखंडांसाठी तिने कार्यपद्धती सोपी केली. १५० चौ. मी. पर्यंतच्या भूखंडावर विहित अटींत आराखडा व शुल्क सादर केल्याची पोच पुरेशी ठरते. नागरिकांच्या दृष्टीने ही सुधारणा स्वागतार्ह आहे. अभ्यासकापुढे मात्र नवाच प्रश्न उभा राहतो : अशा पोचपावत्या परवानग्यांच्या यादीत धरल्या आहेत की नाहीत? या एका तपशिलावरून २०२० पूर्वीच्या व नंतरच्या आकड्यांची तुलना वैध ठरते किंवा कोसळते.

जानेवारी २०२१ मध्ये राज्य शासनाने बांधकाम अधिमूल्यात ३१ डिसेंबर २०२१ पर्यंत ५० टक्के सवलत देण्याचा निर्णय घेतला. अशी मुदत सरण्यापूर्वी प्रस्तावांची गर्दी होणे अपेक्षितच असते. त्या वर्षीची वाढ घरांच्या मागणीची मानावी की सवलतीची, हे परवानगीचा आकडा एकट्याने सांगू शकत नाही.

नोंदीबाहेरचे घर

सर्वांत गंभीर उणीव याहून वेगळी आहे. राज्यातील अनेक शहरांच्या कडेला शेतजमिनीचे गुंठ्यागुंठ्याने तुकडे पडून वस्त्या उभ्या राहिल्या. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौ. फूट. कष्टकरी व निम्न मध्यमवर्गीय कुटुंबांना परवडलेली जागा हीच. २००१ च्या गुंठेवारी अधिनियमाने १ जानेवारी २००१ पर्यंतच्या अशा विकासांना नियमितीकरणाची वाट दिली. २०२१ च्या दुरुस्तीने ही मर्यादा ३१ डिसेंबर २०२० पर्यंत नेली. नियमितीकरणाच्या नोंदी नव्या परवानग्यांत मिसळल्यास वीस वर्षे वापरात असलेले घर आज बांधल्यासारखे दिसते.

याउलट, अनधिकृत घराचीही मालमत्ता कर आकारणी होते व महापालिका अधिनियमाच्या कलम २६७-अ नुसार त्यावर शास्ती लावता येते. म्हणजे जे घर नगररचना विभागाच्या लेखी अस्तित्वात नाही, ते कर विभागाच्या लेखी थकबाकीदार असू शकते! स्थावर संपदा प्राधिकरणाची नोंदणीही ही उणीव भरून काढत नाही. ५०० चौ. मी. पर्यंतच्या जमिनीवरील किंवा आठ सदनिकांपर्यंतच्या प्रकल्पांना तिची सक्ती नाही आणि स्वतःसाठी बांधलेले घर तर तिच्या कक्षेतच येत नाही. केवळ परवानग्यांवरून जलवाहिनी, मलनिस्सारण व शाळांची गरज ठरविल्यास ज्या प्रभागांना सुविधांची निकड सर्वाधिक, तेच वाढ न झालेले प्रभाग म्हणून मागे पडतात. येथे संख्याशास्त्रातील त्रुटी सामाजिक अन्यायाचे रूप घेते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून परवानग्यांची आकडेवारी टाकाऊ ठरत नाही. नियमांच्या चौकटीतील बांधकामाची दिशा ती इतर साधनांहून लवकर दाखवते. मात्र तिचा वापर करताना काही पथ्ये आवश्यक आहेत. अर्जांऐवजी सदनिकांची संख्या व बांधीव क्षेत्र मोजावे. नवी, सुधारित व नियमितीकरणाची परवानगी वेगळी नोंदवावी. पाडलेली घरे वजा करावीत. नियमबदलाच्या तारखा तक्त्यात दाखवाव्यात. शेवटी परवानगी, भोगवटा, कर आकारणी आणि नळजोडणी या चार नोंदी प्रभागनिहाय शेजारी ठेवून वाचाव्यात. महाविद्यालयीन स्तरावरील संशोधकाला एका प्रभागापुरते हे काम सहज पेलण्याजोगे आहे. या चार नोंदींत जेथे सर्वाधिक तफावत आढळेल, तेथून शहराच्या खऱ्या वाढीच्या अभ्यासाला प्रारंभ व्हावा.