थोडक्या सुरांचे देणे

गवयांच्या पुण्यतिथ्या आपल्याकडे पुष्कळ होतात; पण ज्याच्या नावाने मैफल भरते त्याचे गाणे तीत कितीसे उरते, हा प्रश्न मिरजेला जाताना मला नेहमी पडतो. आम्ही रत्नागिरीकर आंबा घाट चढून तिथे पोचतो. मीरासाहेबांच्या दर्ग्यात, उरुसाच्या दिवसांत, खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ गवई हजेरी लावतात. १९३७ साली निवर्तलेले खाँसाहेब तिथेच विसावले आहेत.

खाँसाहेब मोठे प्रयोगी. सांगलीच्या देवलांबरोबर त्यांनी बावीस श्रुतींचा शोध घेतला. तीनेक मिनिटांच्या ध्वनिमुद्रिकेतही त्यांचा सूर घाई करीत नाही. याच किराणा घराण्यातल्या अब्दुल वहीद खाँचे शिष्य प्राणनाथ १९७० साली न्यूयॉर्कला गेले. मोजक्या सुरांत रचना करणारे, मिनिमलिस्ट म्हणून गाजलेले ला माँट यंग आणि टेरी रायली त्यांचे शागीर्द झाले.

म्हणून स्मृतिमैफलीची माझी कसोटी साधी आहे. किती राग झाले, टाळ्या किती पडल्या, हे मी मोजीत नाही. तंबोरे जुळल्यावर गवई षड्जावर किती वेळ रमतो, एवढेच पाहतो. तो धीर नसेल तर तसबिरीला घातलेला हार नुसताच हार. अर्थात धीर श्रोत्यांनाही हवा. दुसऱ्याच मिनिटाला चुळबुळणाऱ्या सभेपुढे बिचारा गवई तरी काय करील?

तेव्हा मंडळी, फराळ आटोपला की सगळ्यांनी मिळून खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी लावा. मुलांनाही जवळ बसवा. तीन मिनिटांचे तर काम!